मंडळीचा अधिकार, विश्वासणाऱ्याचा अधिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा वर्ग भरतो. कोणी परळहून चालत येतं, कोणी दिव्याहून गाडीला लोंबकळत. गेली काही वर्षं या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न 'अधिकार' या एकाच शब्दावर आले. काही हात वर करून विचारलेले, काही चपला घालता घालता हळूच. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. बँकेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो आणि मंडळीने 'वडील' म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद म्हणून निवडलं. उत्तरं प्रोटेस्टंट घरातली आहेत. कॅथलिक किंवा पेंटेकॉस्टल मंडळी जिथे वेगळं मानतात, तिथे तसं सांगितलं आहे.

आध्यात्मिक अधिकार म्हणजे नेमकं काय?

नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत, 'डुनामिस' आणि 'एक्झुसिया'. पहिल्याला आपण सामर्थ्य म्हणतो, दुसऱ्याला अधिकार. लूक 9:1 मध्ये येशू बारा शिष्यांना दोन्ही देतो. सामर्थ्य म्हणजे अंगातली ताकद. अधिकार म्हणजे दुसऱ्याने सोपवलेलं काम करण्याची मुभा.

यावर वाहतूक हवालदाराचा दाखला तुम्ही ऐकलाच असेल: हवालदार हडकुळा, पण त्याने हात दाखवला की ट्रक थांबतो, कारण त्याच्यामागे सरकार उभं आहे. दाखला चांगला आहे, पण मंचावरून तो नेहमी अर्धाच सांगितला जातो. त्या हवालदाराला ठरलेला चौक असतो, ड्युटीची वेळ असते आणि संध्याकाळी चौकीत जाऊन जाब द्यावा लागतो. दादरच्या हवालदाराने सुट्टीच्या दिवशी अलिबागला जाऊन हात दाखवला तर कोण थांबणार?

कफर्णहूमचा शताधिपती येशूला काय म्हणाला ते मत्तय 8:9 मध्ये नीट वाचा. माझ्या हाताखाली शिपाई आहेत हे तो सांगतो, पण त्याआधी म्हणतो की मी स्वतः अधिकाराखाली असलेला माणूस आहे. येशूने त्याच्या विश्वासाचं नवल केलं. खुद्द येशूही मत्तय 28:18 मध्ये सर्व अधिकार मला 'दिला' आहे असंच म्हणतो.

हा अधिकार फादर-पाळकांनाच असतो की साध्या विश्वासणाऱ्यालाही?

योहान 1:12 मध्ये हाच 'एक्झुसिया' शब्द आहे. ज्यांनी त्याचा स्वीकार केला, त्या सगळ्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार त्याने दिला. भुतं काढण्याच्या गोष्टी लोक लगेच विचारतात, पण पहिला अधिकार हा आहे, घरात मूल म्हणून शिरण्याचा. प्रार्थना करणं, शास्त्र वाचणं, साक्ष देणं, दुसऱ्यासाठी रदबदली करणं यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (2:9) सगळ्याच विश्वासणाऱ्यांना राजकीय याजकगण म्हटलं आहे. याजकगण म्हणजे पुरोहितवर्ग, आणि इथे 'राजकीय' म्हणजे राजाचा. निवडणुकीच्या दिवसांत हे वचन वाचलं की वर्गात हमखास हशा पिकतो.

1520 मध्ये जर्मनीच्या मार्टिन ल्यूथरने या वचनावर भर दिला आणि पुढे प्रोटेस्टंट मंडळ्या वेगळ्या झाल्या. कॅथलिक मंडळीही बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं याजकपण मानते, मात्र दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण त्याहून वेगळ्या प्रकारचं आहे असं शिकवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही शिकवण 21 नोव्हेंबर 1964 च्या मंडळीविषयक दस्तऐवजात मांडली. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच पोप सहावे पॉल मुंबईत आले होते, ओव्हल मैदानावरच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी.

स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मग कोणाकडे?

मत्तय 16:19 मध्ये येशू किल्ल्या पेत्राला देतो. कॅथलिक मंडळी म्हणते, पेत्राचे वारस रोमचे बिशप, म्हणजे पोप. ऑर्थोडॉक्स मंडळ्या पेत्राला मान देतात, पण सगळ्यांवर एकाची सत्ता मानत नाहीत. आम्ही प्रोटेस्टंट म्हणतो, येशू हाच ख्रिस्त अशी जी कबुली पेत्राने दिली, तिच्यात किल्ल्या आहेत. आणि दोनच अध्यायांनंतर (18:18) बांधण्या-सोडण्याचा तोच अधिकार सगळ्या शिष्यांना मिळतो. हा वाद इथे सुटणार नाही.

बँकेत असताना मला या वचनाचा एक अर्थ उमगला. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याला दार उघडता येत नाही, आणि आतला एक रुपयाही त्या दोघांचा नसतो. यशया 22 मध्ये एल्याकीमाच्या खांद्यावर दाविदाच्या घराण्याची किल्ली ठेवली जाते. तो राजा नाही, राजवाड्याचा कारभारी आहे. येशूच्या शब्दांमागे हेच चित्र असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

किल्ली आपलीच समजली की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. पोर्तुगीज राजाला पूर्वेकडच्या मंडळ्यांवर बिशप नेमण्याचा जुना हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. 1720 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबई बेटातून काढून कार्मेलाइट धर्मगुरूंना आणलं. ते थेट रोमच्या प्रोपगंडा या खात्याच्या हाताखाली. तिथून एका शहरात दोन कॅथलिक सत्ता झाल्या. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये, जिथे आज बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक रांग लावतात, 1853 मध्ये प्रोपगंडाचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत कडी लावून बसले आणि पाद्रोआदोच्या बाजूचे लोक बाहेर वेढा घालून. पंधरा दिवस! शेवटी सरकारने दार उघडायला लावलं आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. आत-बाहेर दोन्हीकडे एकच विश्वास सांगणारी, एकच मिस्सा म्हणजे उपासना मानणारी माणसं होती. भांडण होतं ते सही कोणाची चालणार याचं.

ही दुहेरी सत्ता 1928 च्या कराराने संपली, पण त्यातही एक आर्चबिशप पोर्तुगीज तर पुढचा ब्रिटिश अशी पाळी ठरली. ती पाळी मोडणाऱ्या माणसाचं नाव मला फार आवडतं. 1937 मध्ये नेमलेले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे जेझुइट संघातले इंग्रज धर्मगुरू. आपल्यानंतर या खुर्चीवर भारतीय माणूस असायला हवा असं त्यांना वाटत होतं. 1946 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप झाले आणि रॉबर्ट्स साहेब मुंबई सोडून चक्क लांब राहिले, म्हणजे कारभार आपोआप ग्रेशस यांच्या हाती यावा. 1950 मध्ये त्यांनी रीतसर राजीनामा दिला. ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. मी कॅथलिक नाही. तरी किल्ल्यांचा विषय निघाला की वर्गात मी रॉबर्ट्स यांची गोष्ट सांगतोच.

'मी या आजाराला बांधतो, या कर्जाला बांधतो' अशी प्रार्थना बरोबर आहे का?

त्या काळच्या यहुदी गुरूंच्या बोलीत 'बांधणे' म्हणजे एखादी गोष्ट मना करणे आणि 'सोडणे' म्हणजे मोकळीक देणे. मत्तय 18 मध्ये संदर्भ आहे अपराध केलेल्या भावाचा. आधी त्याला एकट्याला गाठा, मग दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. अधिकार आहे तो माणसं जोडण्याच्या या अवघड कामासाठी.

आपली पंचाईत मराठीमुळे होते. आपल्याकडे भगत गाव बांधतो, मांत्रिक दिशा बांधतो, भूत बाटलीत बांधतात. त्यामुळे 'बांधतो' म्हटलं की कानात तेच वाजतं, आणि नकळत पाळकाकडून आपण मांत्रिकाचं काम मागतो. मार्क 3:27 मध्ये बलवान माणसाला बांधण्याचा दाखला आहे, त्यावरून कोणी तशी प्रार्थना करत असेल तर मी वाद घालत नाही. कर्जाचं मात्र, खरं सांगू, ते फेडावं लागतं. हप्ता बांधून घेतलेला मी पाहिला आहे, कर्ज बांधलेलं नाही.

'येशूच्या नावात' म्हटलं की काम होतंच का?

प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये स्केवाच्या सात मुलांची हकीकत आहे. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने बाहेर नीघ, असं ते दुरात्म्याला म्हणाले. येशू मला ठाऊक आहे, पौल कोण तेही ठाऊक आहे, तुम्ही कोण, असं उलट उत्तर आलं आणि सातही जण उघडे आणि जखमी होऊन पळाले.

नाव म्हणजे मंत्र नव्हे. त्याचं मला मुखत्यारपत्रासारखं वाटतं. गावच्या जमिनीसाठी भावाने मला मुखत्यारपत्र दिलं तर त्याच्या नावाने मी सही करू शकतो, पण त्याला नको असलेला व्यवहार केला तर तो लबाडीच. येशूच्या नावात मागायचं म्हणजे त्याने स्वतः जे मागितलं असतं ते मागायचं. दारात नवी गाडी उभी राहो, असं त्याने मागितलं असतं का, ते तुम्हीच ठरवा.

करणी, बाधा, अंगात येणं यावर विश्वासणाऱ्याला अधिकार आहे का?

हा प्रश्न चपला घालताना विचारतात. लूक 10:19 मध्ये साप, विंचू आणि शत्रूच्या सगळ्या सामर्थ्यावर अधिकार दिला आहे. शुभवर्तमानात येशू दुरात्मे घालवतो हे नाकारायचं कारण नाही, आणि करणीच्या भीतीत जगणाऱ्याला ख्रिस्त त्याहून मोठा आहे हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. लिंबू ओलांडायला घाबरणारी आमच्याच मंडळीतली चांगली शिकलेली माणसं मला ठाऊक आहेत.

पण पुढचंच वचन, 10:20, वाचायचं राहून जातं. आत्मे तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना, असं येशू तिथे सांगतो. बाहेरून दमून, खुशीत परत आलेल्या शिष्यांना त्याने पहिलं काय शिकवलं ते पाहा.

आता व्यवहाराचं. रात्री झोप न लागणं, कानात आवाज येणं, अचानक हातपाय आखडणं यातल्या बऱ्याच गोष्टी डॉक्टरांच्या आहेत. केईएम आणि नायर या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. प्रार्थना आम्ही करूच, आणि केसपेपरच्या रांगेत सोबत उभेही राहू. कॅथलिक मंडळीत तर भूतबाधेचा रीतसर विधी बिशपच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही फादरला करता येत नाही. त्यांच्या कॅनन (चर्चच्या) कायद्याचं 1172 वं कलम तसं सांगतं, आणि आजार नाही ना याची खात्री आधी करायची असते. हा शहाणपणा आमच्यातल्या काही स्वतंत्र मंडळ्यांनी उसना घ्यावा.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. साप आणि विंचू, दोन्ही लूकमध्येही आहेत आणि कायद्याच्या अनुसूचीतही. मारहाण करणारा पाळक असला म्हणून त्याला सूट नाही. साध्या प्रार्थनेला हा कायदा हात लावत नाही.

प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करू का?

नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या, बंदही तेच करतील.

पाळकांचं ऐकलंच पाहिजे का? 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' असं शास्त्रात आहे ना?

आहे, स्तोत्र 105:15 मध्ये. पण ते स्तोत्र अब्राहाम, इसहाक, याकोब या परदेशात भटकणाऱ्या, दुबळ्या कुटुंबाबद्दल आहे, आणि ताकीद दिली आहे राजांना. सत्तेपासून दुबळ्यांना जपणारं वचन काही लोक दुबळ्यांचं तोंड बंद करायला वापरतात. आपला जीव घ्यायला निघालेल्या शौल राजाबद्दल दाविदाने हे शब्द वापरले (1 शमुवेल 24), तेव्हा त्याने शौलाला मारलं नाही हे खरं. पण गुहेबाहेर येऊन, सगळ्यांदेखत, तुझं चुकतंय असं त्याला सुनावलं, हेही त्याच अध्यायात आहे.

इब्री 13:17 पुढाऱ्यांचं ऐका म्हणतं, कारण त्यांना हिशेब द्यायचा आहे. ज्याला हिशेब द्यायचाच नाही त्याला हे वचन वापरता येणार नाही. पेत्र वडिलांना सांगतो की कळपावर धनीपण करू नका. पौल दोनदा लिहितो की मला अधिकार दिला तो उभारणीसाठी, पाडून टाकण्यासाठी नव्हे (2 करिंथ 10:8 आणि 13:10). बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि लूक त्याबद्दल त्यांची तारीफ करतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांत तिथल्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा कडक पत्रव्यवहार सुरू झाला. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरू किंवा बिशप यांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, असं त्यांनी 1885 मध्ये कळवलं. या बाईंनी मंडळी सोडली का? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. प्रश्न विचारणारा बंडखोर असतो असं कोणी म्हणालं की मी त्याला रमाबाईंची पत्रं वाचायला सांगतो.

पाळक म्हणाले, देवाने सांगितलंय की या मुलाशी लग्न कर. काय करू?

भविष्यवाणी इतरांनी पारखावी असं 1 करिंथ 14:29 सांगतं. आणि लग्न तुम्हाला करायचं आहे, देव तुम्हालाही सांगू शकतो. घाई करायला लावत असतील तर अजिबात करू नका.

दशमांश दिला नाही तर शाप लागतो का?

मलाखी 3 मधलं वचन इस्राएलाच्या मंदिराबद्दल आहे. नवा करार म्हणतो, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन नाही की भाग पडतं म्हणून नाही (2 करिंथ 9:7). मी दहावा भाग देतो, आनंदाने देतो, आणि तो नियम म्हणून कोणावर लादत नाही.

एक कबुली द्यायला हवी. तरुणपणी आमच्या वसाहतीत एक पाहुणे प्रचारक आले होते. घराण्याचा शाप तोडायचा तर मोठं काही द्या, म्हणाले. बायकोने पाटली काढून दिली. मी शेजारीच उभा होतो. बँकेत दहा रुपयांच्या व्हाउचरवर सही नसेल तर परत पाठवणारा माणूस, तिथे पावतीसुद्धा मागितली नाही. शाप तुटला की नाही कोण जाणे, पाटली परत आली नाही. बायको अजून तो विषय काढते, आणि काढावाच.

आज मी सांगतो की पावती मागा. नोंदणीकृत मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असते, 1950 च्या कायद्याखाली तिचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. वार्षिक सभेत ताळेबंद मागणं हा अविश्वास नाही. यहूदा इस्कर्योत शिष्यांची थैली सांभाळायचा, आणि त्या थैलीचं काय व्हायचं ते योहान 12:6 मध्ये लिहिलंय.

स्त्रियांना अधिकार आहे का?

पुनरुत्थानाची पहिली बातमी पुरुषांना सांगायला येशूने मग्दालीया मरीयेला पाठवलं. अपुल्लोला शिकवणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती. 1970 मध्ये स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मेथडिस्ट मंडळी स्त्रियांना पाळकाची दीक्षा देतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स देत नाहीत. स्त्रीने शिकवू नये असं म्हणणाऱ्या 1 तीमथ्य 2 वर आमच्या वर्गात तीन बुधवार वाद चालला होता, तो इथे परत घालत नाही. एवढंच की सभेत बोलू न देणाऱ्यांच्या घरी प्रार्थना कोण चालू ठेवतं, ते बघा.

बाप्तिस्मा झालेला नाही, पण मी येशूला मानतो. मला प्रार्थनेचा अधिकार आहे?

प्रार्थना करा, कोण अडवणार? मंडळीचं सभासदत्व, प्रभुभोजन, मतदान यांचे नियम वेगळे आहेत आणि ते मंडळीगणिक बदलतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हाच प्रश्न छळत होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मिळून. दोन वर्षांत मुंबईतच ते वारले, नाहीतर दरबाराचं काय झालं असतं सांगता येत नाही. मिशनच्या लोकांना ते पटलं नव्हतं. मला अर्धं पटतं.

आईसाठी उपास-प्रार्थना केली, तरी ती गेली. माझा अधिकार कमी पडला का? 'तुझ्यात विश्वास नव्हता' असं एकजण म्हणाले.

ते म्हणाले ते चुकीचं म्हणाले, आणि तुमच्या तोंडावर म्हणाले हे त्याहून वाईट. पौलाच्या हातून आजारी बरे झाले, पण त्रफिमाला त्याला मिलेताला आजारीच सोडावं लागलं (2 तीमथ्य 4:20). स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवूनही काटा राहिला. गेथशेमानेत येशूने प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. त्याचा अधिकार कमी होता, असं कोण म्हणेल?

माझी आई नायरमध्ये सतरा दिवस होती. आम्ही रोज संध्याकाळी तिच्या खाटेपाशी स्तोत्र 23 म्हणायचो. शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम आजी सोळाव्या दिवशी म्हणाल्या, आज म्हटलं नाही का अजून? त्या आजी घरी गेल्या, आई नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि अधिकाराचा कोणताही सिद्धांत मला तिथे पुरलेला नाही. तुम्ही उपास केला, तिच्या उशाशी बसलात. वर्गाला या, किंवा आत्ता नका येऊ, सावकाश या.

घरी प्रार्थनेसाठी कोणाला बोलवायचं? पैसे द्यावे लागतात का?

याकोब 5:14 मध्ये वडिलांना बोलवा असं अनेकवचनी लिहिलं आहे, त्यामुळे आम्ही एकटे कधी येत नाही, दोघं-तिघं येतो. स्त्री आजारी असेल तर एक बहीण सोबत असतेच. तेल आम्ही आणतो, साधं खोबऱ्याचं. पैसे घेत नाही, टॅक्सीचे सुद्धा. चहा चालेल, साखर कमी. इमारतीला लिफ्ट नसेल तर फोनवरच सांगा, आमच्यातल्या दोघांचे गुडघे गेले आहेत, मग त्या दिवशी तिसऱ्याला पाठवतो.